दाढ कोरडी राहिली पाहिजे

बेकरीच्या रांगेत स्तोयना म्हातारीनं रुमाल उघडला तेव्हा डॉक्टर वेनेता तिच्या मागे दोन माणसं सोडून उभी होती, आणि म्हातारीला ते पक्कं ठाऊक होतं.

"हे बघा," स्तोयना काउंटरवरच्या बाईला म्हणाली, पण सगळ्या रांगेला पुरेल एवढ्या आवाजात. "काल नातीनं चीजभरली बानित्सा खाता खाता थुंकून टाकलं. म्हणे सीलंट, दाढेवरचा लेप. म्हणे वर्षानुवर्षं टिकतं. एक उन्हाळा काढला नाही त्यानं."

रुमालात तांदळाच्या कणीएवढा पांढरा तुकडा होता. माणसं वाकून वाकून बघू लागली. एकजण म्हणाली, आमच्या पोराचंही असंच निघालं. दुसरा म्हणाला, फुकटातलं आणखी कसं असणार.

"स्तोयनाकाकू," वेनेता मागून म्हणाली, "नातीला घेऊन या. दाढ बघायला हवी."

"कशाला? परत चिकटवायला? म्हणजे मला परत रुमाल धुवायला आला."

रांग हसली. वेनेतानं पाव घेतला आणि शाळेपर्यंतचा रस्ता मनातल्या मनात म्हातारीशी भांडत काढला. राग असता तर परवडला असता. तिचा राग दुपारच्या जेवणापर्यंत उतरायचा. हा वैताग होता, वर्षानुवर्षं साचत आलेला, आणि तो कुठे ओतावा हे तिला कळत नव्हतं.

दान्यूब नदीकाठच्या लोम गावात वेनेता पेयकोव्हा हे नाव उच्चारलं की मुलं आपोआप तोंड मिटायची. शाळेच्या तळमजल्यावर, व्यायामशाळेच्या शेजारी तिचा दातांचा दवाखाना. शिकायला मोठ्या शहरात, प्लोव्दिवला गेली, तिथंच राहिली असती तर चार पैसे जास्त मिळवले असते, असं तिची आई मरेपर्यंत म्हणत होती. पण वेनेता परत आली, कारण गावातल्या दुसरीतल्या पोरांच्या दाढा काळ्या पडलेल्या तिनं स्वतःच्या लहानपणी पाहिल्या होत्या. तिची स्वतःचीही एक गेली होती.

सहाव्या-सातव्या वर्षी मागच्या बाजूला जी पहिली कायमची दाढ येते, तिच्यावर वेनेताचा सगळा जीव. ही दाढ दुधाच्या दातांच्या मागे गुपचूप येते. घरात कुणाला पत्ता नसतो. तिच्या माथ्यावर खोल घळी असतात, ब्रशचा केस तिथवर पोचत नाही, आणि खाल्लेलं अन्न तिथं मुक्कामाला राहतं. त्या घळी पातळ लेपानं भरून टाकायच्या आणि निळ्या दिव्यानं तो लेप कडक करायचा. टोचणं नाही, कोरणं नाही. मूल हसत खुर्चीवरून उतरतं. पण लेप पडेपर्यंत दाढ कोरडीठाक हवी. आधी एक निळं जेल लावून धुवायचं, मग हवा मारून दाढ वाळवायची, की ती खडूसारखी पांढरीफटक दिसते. त्या पांढऱ्यावर थुंकीचा थेंब आला की खेळ संपला.

आणि एवढं करूनही वर्षातून एकदा येऊन तो लेप दाखवून जायचा असतो. कुठे कड उचकटली असेल तर तेवढीच बुजवायची. हे वेनेता पालकांना सांगायची, आज्यांना सांगायची, दारावर चिकटवायची. सगळे मान हलवायचे आणि कुणी येत नसे. भिंतीला चुना दिला की वर्षभर बघायचं नाही, तसा हिशेब. मग दाढ किडली की, "डॉक्टरीणबाई, तुम्ही तर लेप लावला होता ना?"

लाल्का होती तोवर वेनेता हा वैताग वाटून घ्यायची. लाल्का तिची परिचारिका. मूल खुर्चीत बसलं की लाल्का एका हातानं जीभ आरशानं बाजूला धरायची, दुसऱ्या हातानं थुंकी ओढायची नळी, आणि तोंडानं कोल्ह्याची कुठलीतरी न संपणारी गोष्ट. मग लाल्काची मुलगी बाळंत झाली, घरात पैसा पुरेना, आणि लाल्का जर्मनीत एका म्हाताऱ्याची देखभाल करायला निघून गेली. जाताना रडली. वेनेताही रडली, आणि दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत जाऊन म्हणाली, मला माणूस द्या.

"जाहिरात देतो," तिथले अधिकारी ख्रिस्तोस्कोव्ह म्हणाले.

जाहिरात लागली, पिवळी पडली, फाटली. त्या हिवाळ्यात पहिली-दुसरीची मुलं वेनेतानं एकटीनं केली.

स्तोयना नातीला घेऊन आली ती गुरुवारी, तोंड वाकडं करून. नात रादिना आठ वर्षांची, गंभीर चेहऱ्याची, खुर्चीत आपणहून चढून बसणारी पोरगी. तिची आई मार्गिता इटलीत, बोलोन्याला, एका आजारी बाईकडे कामाला. म्हणून पोर आजीकडे.

"थंड पाणी प्यायल्यावर झिणझिणतं का?" वेनेतानं विचारलं.

"आजी थंड पाणी पिऊच देत नाही."

वेनेतानं आरसा आत घातला. उजवीकडच्या खालच्या दाढेवरून लेप अर्धा गेला होता, आणि उरलेल्या अर्ध्याच्या कडेखाली तपकिरी डाग शिरला होता. टोकदार सळई लावली तर मऊ लागलं. कीड.

"बघितलंत?" स्तोयना म्हणाली.

"बघितलं."

"आता कोरणार?"

"आता कोरावं लागेल."

दाढ कोरून भरून होत आली तेवढ्यात स्तोयनाचा फोन वाजला. पडद्यावर मार्गिता, मागे कुणाचंतरी चकचकीत स्वयंपाकघर. तिनं लेकीला विचारलं, रडलीस का. लेकीनं मानेनं नाही सांगितलं. मग म्हणाली, डॉक्टरांना दे.

"डॉक्टर, मी तक्रार करत नाहीये," मार्गिता म्हणाली. "पण लेप लावला म्हणून मी निर्धास्त होते. इथं आमच्या बाईंच्या नातवाला लावलाय, चार वर्षं झाली, तसाच आहे. आपल्याकडचं सामान वाईट येतं का?"

"सामान तेच आहे," वेनेता म्हणाली.

"मग?"

 गोड खाणं, सूर्यफुलाच्या बिया, वर्षभर न दाखवणं, ही तिची नेहमीची उत्तरं तयार होती. पण रादिनाच्या हातात सूर्यफुलाच्या बिया म्हातारी कधी देत नसे, आणि दात तर रोज स्वतः उभी राहून घासून घ्यायची. "बघते मी," एवढंच वेनेता म्हणाली.

बघायचं म्हणजे सगळी मुलं बघायची. तिनं घरोघरी निरोप पाठवला की लेप लावलेली मुलं आणून दाखवा. दोनजणं आली. त्यातली एक आई स्वतःचीच दाढ दाखवायला आली होती. तेव्हा वेनेतानं आरसा आणि विजेरी घेतली आणि वर्गावर्गांत शिरली.

"मुलं तोंड उघडून बसली की माझं गणित बंद पडतं, डॉक्टरीणबाई," सातवीचे मास्तर कुरकुरले.

"तुमचं गणित चालू असतं तेव्हाही ती तोंड उघडूनच बसतात, मास्तर."

सातवीतली घोडी एकेक करून खिडकीपाशी आली. काहींच्या दातांत बियांची टरफलं अडकलेली. वेनेता पुटपुटत, टरफलं काढत, बघत गेली. लाल्काच्या वेळी लावलेले लेप होते ते. झिजलेले, पिवळट पडलेले, पण जागच्या जागी. एखाद्याची कड गेली होती, एखादा साफ निघाला होता, बाकी सगळे घट्ट. या पोरांनी काय कमी गोड खाल्लं होतं? यांना कुणी वर्षाच्या वर्षाला आणून दाखवलं होतं? यांच्या आज्यांपेक्षा स्तोयना बरी.

मग ती तिसरीत गेली. गेल्या हिवाळ्यातली मुलं. पहिल्याचा लेप नाही. दुसरीचा अर्धा. तिसऱ्याच्या एका दाढेवर आहे, तीनवर नाही. जसजशी रांग पुढे सरकली तसतसं वेनेताचं पुटपुटणं थांबलं. बाईंनी विचारलं, "काही बिघडलंय का?" तर तिनं ऐकलंही नाही.

व्यायामशाळेच्या पायऱ्यांवर ती बराच वेळ बसली. आत चेंडू आपटल्याचा आवाज येत होता. तिला तो हिवाळा आठवला. एका हातात हवेची नळी, दुसऱ्यात थुंकी ओढायची. लेप सोडायची बोथट सुई धरायला तिसरा हात कुठून आणणार? नळी खाली ठेवायची, सुई उचलायची, आणि तेवढ्यात पोराची जीभ चुळबुळत येऊन दाढेला टेकायची. पांढरी दाढ ओली होऊन क्षणभर चमकायची. तिनं ते पाहिलं होतं. एकदा नाही, पुष्कळदा. परत जेल, परत धुणं, परत वाळवणं, आणि बाहेर बाकावर बसलेली मुलं. मग नुसती हवा मारून तिनं लेप टाकला होता आणि स्वतःला सांगितलं होतं, चालेल.

घरी नवरा अस्पारुख मागच्या अंगणात मिरच्या भाजत होता. गावभर त्या दिवसांत भाजक्या मिरच्यांचाच वास. दान्यूबवरच्या मालवाहू बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेलेला, बोलायचा कमी. तिनं सगळं सांगितलं. त्यानं एक मिरची उलटवली.

"मग सांगून टाक."

"सांगितलं तर या गावात तोंड दाखवायला जागा राहायची नाही मला."

"तोंडं तर तूच बघतेस सगळ्यांची," तो म्हणाला.

तिला हसू आलं नाही. उलट त्याचाही वैताग आला. पण पालकसभेच्या दिवशी, सहलीचा आणि गळक्या छताचा विषय संपल्यावर, ती उठून उभी राहिली.

"गेल्या हिवाळ्यात मी ज्या मुलांना लेप लावले, त्यांतले बहुतेक निघालेत," ती म्हणाली. "दोष लेपाचा नाही. मुलांचाही नाही. दाढ कोरडी ठेवायला दुसरं माणूस लागतं, ते माझ्याकडे नव्हतं, आणि मी एकटीनं रेटलं. सगळ्या मुलांना परत आणा."

सगळे एकदमच बोलू लागले. एक बाप म्हणाला, "म्हणजे आमची पोरं तुम्ही सरावासाठी वापरलीत?" मुख्याध्यापिका हातवारे करत शांत राहा, शांत राहा म्हणत होत्या. कुणीतरी तक्रार करायची भाषा केली. वेनेता उभीच होती. हे सगळं ती पायऱ्यांवर बसून आधीच स्वतःला ऐकवून झाली होती, तरी लोकांच्या तोंडून ऐकताना कान तापले.

मागच्या बाकावरून स्तोयना उठली.

"इतके दिवस मला वाटलं सामान खोटं आहे," ती म्हणाली. "खोट्या तुम्ही निघालात."

"हो," वेनेता म्हणाली.

"एकटीनं केलंतच कशाला?"

"नसतं केलं तर त्या वर्षीची सगळी मुलं तशीच राहिली असती."

"तशीच राहिली ती."

 स्तोयना खाली बसेना. वेनेताला वाटलं आता ही रुमाल काढते की काय. पण म्हातारी म्हणाली, "आणि आता परत आणून काय करणार? हात तर अजून दोनच आहेत तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्तोयना दवाखान्याच्या दारात हजर. डोक्याला चांगला रुमाल, पायात चर्चला जायचे बूट. "चला नगरपालिकेत," म्हणाली. वेनेताला वाटलं आपली साक्षीदार म्हणून येतेय, म्हणून तीही निघाली.

ख्रिस्तोस्कोव्हनी त्यांना बसवलं, आणि वेनेताला तोंडपाठ झालेलं सगळं पुन्हा सांगितलं. जाहिरात आहे, अर्ज नाही, परिचारिका सगळ्या परदेशी.

"परिचारिका मागतंय कोण?" स्तोयना म्हणाली. "सफाईच्या बाईची जागा आहे की नाही दवाखान्याला?"

"आहे. अर्धा दिवस."

"रिकामी?"

"रिकामी."

"मग माझं नाव घाला. बाळंतिणींच्या दवाखान्यात आया होते मी निवृत्त होईपर्यंत. हात धुवायला मला कुणी शिकवायला नको."

ख्रिस्तोस्कोव्हनी वेनेताकडे पाहिलं. वेनेतानं खिडकीकडे पाहिलं. जिन्यात आल्यावर तिचा आवाज चढला. "काकू, तुम्ही मला विचारलंसुद्धा नाहीत."

"तुम्ही मला विचारलं होतंत, नातीच्या तोंडात ओला लेप लावताना?"

आणि असे ते दिवस सुरू झाले. वेनेता पुढे सांगायची की तेवढी ती आयुष्यात कधी वैतागली नव्हती. तिनं स्तोयनाला नळी कशी धरायची, आरशानं जीभ कशी अडवायची, कापसाच्या गुंडाळ्या कुठे ठेवायच्या हे दाखवलं. म्हातारीनं एकदा पाहिलं आणि बरोबर केलं, पण गप्प राहून काही करणं तिच्या रक्तात नव्हतं. "हा तर इल्चोचा नातू. याच्या बापालाही अशीच लाळ सुटायची." मूल रडायला लागलं की बाळंतिणीला सांगावं तसं सांगायची, "श्वास घे खोल, श्वास घे, झालंच आता." आणि गंमत अशी की मुलं घ्यायची. पोरं तिला घाबरायची, आणि घाबरली की जीभ हलवायची नाहीत. लाल्काच्या कोल्ह्याच्या गोष्टीला जे जमायचं ते म्हातारीच्या भुवयांना जमत होतं.

दाढा पांढऱ्या राहत होत्या, खडूसारख्या. लेप त्या पांढऱ्यात शिरताना वेनेताला दिसायचा.

एकदा मात्र ठिणगी पडलीच. नोव्हेंबरात, एका मुलीची दाढ वाळवून तयार, वेनेताच्या हातात लेपाची सुई, आणि म्हातारीच्या खिशात फोन वाजला. मार्गिताचाच. स्तोयनाचा हात फोनकडे गेला नाही, पण मन गेलं, आणि मनामागोमाग आरसा रेसभर सरकला. जीभ आली. दाढ चमकली.

"थांबा," वेनेता म्हणाली. "परत पहिल्यापासून."

"एक थेंब तर होता."

"परत."

"पोरगी रडायला आलीय, डॉक्टरीणबाई."

"त्याच एका थेंबापायी तुम्ही मला बेकरीत उभी चिरलीत."

पहिल्यापासून झालं. मुलगी गेल्यावर स्तोयनानं पांढरा झगा काढला, खुंटीला अडकवला आणि निघून गेली. वेनेतानं उरलेल्या मुलांना घरी पाठवलं. एकटीनं करायचं नाही, हे तिनं ठरवलं होतं. बाहेर बाकावरच्या आया कुरकुरल्या, एकीनं तर आम्ही सुट्टी घेऊन आलो म्हणून सुनावलं. वेनेतानं ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात पोचली तर दिवा लागलेला, फरशी पुसलेली. स्तोयना झगा घालून उभी. फोन कुठे दिसत नव्हता.

"मार्गिताला सांगितलंय, दुपारनंतर कर म्हणून," म्हातारी भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली. मग नळी उचलून, "पहिला कोण आहे?"

मार्चमध्ये, मनगटांवर वसंताच्या स्वागताचे लाल-पांढरे दोरे बांधलेली मुलं पुन्हा तपासणीला आली. यावेळी आली, कारण स्तोयना बेकरीत, चर्चच्या दारात, बसथांब्यावर आज्यांना धरून धरून विचारत होती, तुझ्या नातवाची दाढ दाखवलीस का. बहुतेक लेप टिकले होते. सगळे नाही. एका पोराची दाढ हिरडीतून पुरती वर आली नव्हती, तिथला मागचा भाग गेला होता. वेनेतानं सुस्कारा सोडून जेल काढलं. पण म्हातारीच जास्त चिडली. त्या पोराला तिनं असं काही झापलं की जणू त्यानं तिच्या घरची खिडकी फोडली.

"काकू, त्याची चूक नाही. हिरडी ओली असते."

"मग हिरडीला सांगा."

आता वेनेताचा वैताग वेगळ्याच बाजूनं वाढला. लोक वेळ न घेता येऊ लागले. लेप लावायचं वय निघून गेलेल्या बायका, आम्हालाही लावा, म्हणू लागल्या. ख्रिस्तोस्कोव्ह एकदा स्वतः आले आणि सफाईची बाई उपचाराच्या खोलीत नेमकं काय करते, असं विचारू लागले. "सफाई," स्तोयना म्हणाली, आणि नळी त्यांच्या बाजूला वळवली. ते गेले. पण शरदात परिचारिकेची जागा भरायचं आश्वासन देऊन गेले, आणि त्यांनी आपल्याच जिल्ह्यातली एक तरुण मुलगी खरोखरच शोधून काढली.

त्याआधी, जूनमध्ये, मार्गिता आली. तिचे तिकडचे कागद झाले होते. रादिनाला घेऊन जायला ती आली होती. स्तोयनानं ही बातमी वेनेताला सांगितली ती आरसे-सळया उकळायला टाकताना, पाठमोरी. "तिथं शाळा चांगली आहे म्हणे," म्हणाली. वेनेतानं बरं, म्हटलं. दुसरं काय म्हणणार? गावातल्या किती आज्यांनी असंच पाठमोरं उभं राहून सांगितलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी मार्गिता लेकीला शेवटचं दाखवायला घेऊन आली. रादिना खुर्चीत चढली, आपणहून तोंड उघडलं. भरलेली दाढ नीट होती. बाकीच्या तीन दाढांवर शरदात पुन्हा लावलेला लेप सळई फिरवली तरी कुठे अडकत नव्हता.

"छान आहे सगळं," वेनेता मार्गिताला म्हणाली. "तिथं वर्षातून एकदा दाखवत जा. विसरू नकोस. सगळे विसरतात."

"नाही विसरणार."

"सगळे असंच म्हणतात."

मार्गिता हसली. वेनेता आरसा बाजूला ठेवणार, तेवढ्यात स्तोयनानं तो तिच्या हातातून घेतला. "मला बघू द्या," म्हणाली, चष्मा पुसला आणि नातीच्या तोंडावर वाकली. उजवीकडची वरची बघितली, खालची बघितली. मग डावीकडच्या. मग पुन्हा उजवीकडची. रादिना उघड्या तोंडानंच काहीतरी बोलली, ते कुणालाच कळलं नाही.

"काकू, जबडा दुखेल तिचा," वेनेता म्हणाली.

"दुखू दे. थांबा जरा."

वेनेता थांबली. मार्गिता खिडकीकडे वळली आणि तिथंच उभी राहिली. आरसा पोरीच्या गालाआड हळूहळू फिरत राहिला, आणि म्हातारी आयुष्यात पहिल्यांदाच काही न बोलता बघत राहिली. बाहेर बाकावर दोन मुलं वाट बघत होती, त्यांतल्या एकानं दाराची फट उघडून आत डोकावलं.

"दार लाव," वेनेता त्याला म्हणाली. "वेळ लागेल."